निकॉन २००-५००: उजनीच्या पाण्यावर, माळावर आणि रिंगणात

भिगवणचा, म्हणजे उजनीच्या काठचा, पक्ष्यांचा सीझन सुरू झाला की पासपोर्ट फोटोला आलेली पोरंसुद्धा काउंटरवरच्या लेन्सकडे बघून विचारतात, "ताई, पक्ष्यांसाठी कुठली घेऊ?" बहुतेकांकडे निकॉनचा जुना डीएसएलआर असतो, बजेट बेताचं असतं आणि व्हिडिओ बघून बघून ६०० मिलिमीटर हा आकडा डोक्यात पक्का बसलेला असतो. त्यांना स्टुडिओत उभ्या उभ्या जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते. लेन्स आहे निकॉनची एएफ-एस २००-५०० एफ/५.६ व्हीआर (व्हीआर म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय), २०१५ साली बाजारात आलेली. मी ती निकॉनच्या डी५०० कॅमेऱ्यावर वापरते. बारामतीच्या आसपास लांबून टिपण्यासारखं जे जे आहे ते सगळं तिच्यावर काढलंय: सुप्याचे चिंकारा, उजनीचे पक्षी, बैलगाडा शर्यती, तुकोबांच्या पालखीचं रिंगण.

मत आधीच सांगून टाकते. पक्षी आणि वन्यप्राणी हा मुख्य नाद असेल आणि हातात निकॉनचा डीएसएलआर असेल, तर या पैशात दुसरीकडे बघू नका. दिवसाउजेडी होणाऱ्या मैदानी खेळांनाही ती उत्तम. रात्रीच्या सामन्यांना नको. प्रवासात ही एकच लेन्स न्यायचा विचार असेल तर मुळीच नको.

आता ६००चा मोह. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० चांगल्या आहेत, वाईट म्हणणार नाही. पण शेवटच्या टोकाला त्या एफ/६.३ वर जातात, आणि ही २०० पासून ५०० पर्यंत एफ/५.६ वरच राहते (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). फरक एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), कागदावर किरकोळ. पण डीएसएलआरचे फोकस पॉइंट एफ/५.६ धरून बनवलेले असतात, त्यामुळे पहाटेच्या अंधूक उजेडात कॅमेरा चाचपडत बसत नाही. शिवाय ही लेन्स पूर्ण उघड्या ॲपर्चरवर वापरायला भीती वाटत नाही. एफ/८ ला पिसांची कडा थोडी जास्त कातीव येते हे खरं, पण ५.६ वर डोळ्यातला चमकीचा ठिपका आणि चोचीवरचे ओरखडे नीट दिसतात. डी५०० सारख्या लहान सेन्सरच्या, म्हणजे डीएक्स, बॉडीवर ५०० चं दृश्य फुलफ्रेमच्या ७५० एवढं होतं. एवढ्यावर पक्षी छोटा येत असेल, तर अडचण लेन्सची नाही, अंतराची आहे.

आणि लांब लेन्सबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज या अंतराबद्दलच आहे. लेन्स पक्षी मोठा करते, मधली हवा कमी करत नाही. उजनीच्या बॅकवॉटरला हे रोज दिसतं. पुण्या-मुंबईची मंडळी आरामात नाश्ता उरकून कुंभारगावला पोचतात, तोवर ऊन तापलेलं असतं. पाण्यावरून आणि उघड्या पडलेल्या गाळावरून गरम हवा उठते, आणि दीडशे-दोनशे मीटरवरचा रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा व्ह्यूफाइंडरमध्ये लाटांसारखा हलताना दिसतो. मग फोटो मऊ आला म्हणून लेन्सला शिव्या. त्या हवेतून लाखो रुपयांची प्राइम (झूम नसलेली) लेन्ससुद्धा धारदार फोटो देणार नाही. सूर्य उगवायच्या आधी बोटीत बसा. नऊच्या पुढे लांबचे पक्षी सोडून द्या, जवळचे बघा.

जवळचे म्हणजे कोण? कवड्या खंड्या बघा. काळापांढरा, पाण्यात उभ्या केलेल्या काठीवर बसतो, मधेच उठतो आणि पाण्याच्या वर एका जागी पंख मारत थांबतो. मान खाली, चोच सरळ पाण्याकडे, डोकं इतकं स्थिर की शरीर त्याला लटकवल्यासारखं वाटतं. हे चालतं जेमतेम काही सेकंद. तेवढ्यात लेन्सने त्याला पकडायला हवं. इथे बाजूचं फोकस लिमिटरचं बटण 'अनंत ते ६ मीटर' वर ठेवा. नाहीतर फोकस एकदा हुकला की मोटर जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येते, आणि तोवर खंड्या सूर मारून काठीवर मासा आपटत बसलेला असतो. मोटर चपळ आहे, पण निकॉनच्या महागड्या ५०० प्राइमइतकी नाही. दूरच्या पक्ष्यावरून अचानक जवळच्यावर यायचं असेल तर ती क्षणभर अडखळते. म्हणून मी फोकस आधीच साधारण त्या अंतरावर आणून ठेवते आणि मग पक्ष्याची वाट बघते.

बोटीत स्थिरीकरण 'स्पोर्ट' वर. 'नॉर्मल' वर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जास्त शांत दिसतं, पण उडत्या पक्ष्यामागे लेन्स फिरवताना फ्रेम मधेच उडी मारते. स्पोर्टमध्ये ते होत नाही. निकॉन साडेचार स्टॉपचा दावा करते. बसलेल्या प्राण्यावर १/१०० सेकंदाला ५०० मिलिमीटर हातात धरून स्वच्छ फोटो आलेत, त्यामुळे दाव्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एक लक्षात ठेवा. स्थिरीकरण तुमचा हात थांबवतं, पक्ष्याचा पंख नाही. नदी सुरय हा पक्षी पाण्यावर झेप घेताना हवा असेल तर १/२००० च्या खाली येऊ नका, आयएसओ वाढला तरी चालेल.

नावाड्याला निघतानाच सांगा, "दादा, थव्यात बोट घालायची नाही, इंजिन लांबच बंद करा." रोहित उडाले की फोटो छान येतो म्हणून काही जण मुद्दाम उठवायला लावतात. हजारो किलोमीटर उडून आलेला पट्टकदंब किंवा दिवसभर गाळ चाळून पोट भरणारा रोहित आपल्या एका फ्रेमसाठी उठवायचा, हे मला पटत नाही. ५०० मिलिमीटर हातात असताना तर मुळीच नाही, कारण लांब लेन्स घ्यायची ती त्यांना त्यांच्या जागी राहू देण्यासाठीच. चांगले नावाडी हे जाणतात. इंजिन बंद करून बांबूने बोट सरकवतात आणि पक्षी कुठल्या बाजूला वळणार तेही सांगतात.

माळावरचं काम वेगळं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा बघायचे तर तिथेच. कडबनवाडीच्या माळावर नशीब असेल तर लांडगाही दिसतो. गाडीच्या खिडकीतून, खाली बीनबॅग, इंजिन बंद. बीनबॅगमध्ये मी तांदूळ भरते. हलके प्लॅस्टिकचे दाणे भरलेली पिशवी दोन किलो तीनशे ग्रॅमच्या लेन्सखाली घसरते, तांदळाची पक्की बसते. चिंकारा गवताच्या रंगाचाच असतो, आणि इथे एफ/५.६ कामाला येतं. ५०० वर मागचा माळ विरघळून जातो आणि शिंगांची वळी, डोळ्याखालचा काळा पट्टा सुटा उठून दिसतो. लांडग्याची पिल्लं किंवा बीळ दिसलं तर गाडी थांबवू नका आणि जागा कुणाला सांगू नका. आमच्या भागात धनगरांच्या मेंढ्या आणि लांडगे एकाच माळावर जगतात. त्या बिळाचा पत्ता फिरला की काय होतं ते बघितलेलं आहे.

आता खेळ. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि गावोगावचे घाट, म्हणजे शर्यतीचे मार्ग, पुन्हा जागे झाले. फोटोसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे शेवटच्या टोकाला, कठड्यामागे, थोडी उंचावर. तिथून घाट सरळ समोर येतो. बैल ५०० वर पकडायचे आणि ते जवळ येतील तसं २०० पर्यंत यायचं. इथेच या लेन्सची खरी खोड कळते. झूम रिंगचा फेर एवढा लांब आहे की ५०० वरून २०० वर एका झटक्यात येता येत नाही, रिंग सोडून पुन्हा धरावी लागते. बैल तेवढा वेळ देत नाहीत. माझा मार्ग असा की ३५० च्या आसपास रिंग ठेवायची, तिला हात लावायचा नाही, आणि बैल फ्रेम भरतील त्या जागेवर आले की शटर दाबायचं. चौघांची शिंगं, उडालेला भंडारा, मागे धुळीचा लोट. १/२००० ला खुरांखालची ढेकळंसुद्धा हवेत थांबलेली येतात.

धुळीबद्दल सावध राहा. झूम करताना नळी बाहेर येते आणि आत जाते, तिच्याबरोबर हवाही जाते. महाग लेन्सना असतं तसं पक्कं सीलिंग हिला नाही. शर्यतीच्या दिवशी मी नळीवर कापडी कव्हर घालते, आणि घरी आल्यावर नळी पूर्ण बाहेर काढून कोरड्या ब्रशने झाडल्याशिवाय आत सरकवत नाही.

मॅटवरची कबड्डी मात्र हिच्यावर काढू नका. दिव्यांखाली १/८०० हवा असेल तर एफ/५.६ वर आयएसओ १२,८०० च्याही पुढे जातो, आणि चढाई करणाऱ्याचा चेहरा दाणेदार होतो. एफ/२.८ ची ७०-२०० तिथे चौपट उजेड आत घेते. स्टुडिओच्या कामाला ती लेन्स असतेच, तीच न्या.

प्रवास म्हणाल तर माझ्यासाठी सगळ्यात मोठा प्रवास आषाढात दारावरून जातो. तुकोबांची पालखी बारामतीला मुक्कामाला येते, पुढे काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला अश्वांचं गोल रिंगण. बेलवाडीला गर्दीत पुढे बसलात तर डीएक्सवर २०० सुद्धा फार लांब पडतं, घोडा फ्रेममध्ये मावत नाही. मागच्या गच्चीवर जागा मिळाली तर मात्र हीच लेन्स सोनं आहे. धावणारा घोडा, त्याच्या मागे एकावर एक रचल्यासारखे दिसणारे टाळकरी, पताका, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाया. लांब लेन्स मागचं पुढे आणून चिकटवते आणि गर्दीची दाटी जशी मनाला जाणवते तशी फोटोत येते. दिवेघाटात माउलींची पालखी चढताना समोरच्या वळणावरून हाच परिणाम मिळतो. अख्खा घाट माणसांनी भरून वर सरकताना दिसतो, आणि ते २४ मिलिमीटरने कधीच येत नाही. पण बाकी वेळ वारकऱ्यांशी बोलायचं, चहाच्या टपरीवर बसायचं, पायांवरची धूळ टिपायची, तर दुसरी लहान लेन्स हवीच. खांद्यावर ही घेऊन दिवसभर चालल्यावर संध्याकाळी मान बोलते. पावसाची सर आली तर आधी हिलाच झाका.

दोन छोट्या गोष्टी. ट्रायपॉड कॉलरचा मूळ पाय मला डळमळीत वाटला, म्हणून बाजारात मिळणारा आर्का पद्धतीचा (ट्रायपॉडवर सरकवून बसणारा) पाय बसवला आणि धरायलाही सोपं झालं. कॅमेऱ्याचा पट्टा बॉडीच्या कड्यांना लावून ही लेन्स लटकवू नका, कॉलरला लावा. माऊंटवरचा ताण वाचतो.

बरेच जण जुनी घेतात, मीही जुनीच घेतली, साठ हजारांच्या आत. जुनी बघताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून मारा आणि समोरून वाकून बघा. धुळीचे दोनचार कण चालतील, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, उठून या. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती फोफावते. मग एफ/५.६, ५०० वर विटांच्या भिंतीचा सरळ समोरून फोटो काढा आणि चारही कोपरे तपासा. एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच सरकली आहे, लेन्स कधीतरी पडलेली असणार. कॉलर सगळीकडे सारखी फिरते का, व्हीआर चालू केल्यावर खरखर तर येत नाही ना, तेही बघा. आणि स्वतःची बॉडी बरोबर न्या. हिचं ॲपर्चर विजेवर चालतं, त्यामुळे डी९०, डी८०, डी३००० अशा जुन्या बॉडींवर ते नियंत्रित होत नाही. पोरं उत्साहात लेन्स घेतात आणि घरी गेल्यावर हे कळतं.

घरी आणल्यावर फोकसचं फाइन ट्यूनिंग करून घ्या. डीएसएलआरमध्ये बॉडी आणि लेन्सची जोडी थोडी पुढेमागे असू शकते. ते ५०० वर करा, आणि पक्षी ज्या अंतरावर असतात त्याच अंतरावर. खोलीत तीन मीटरवर केलेलं ट्यूनिंग उजनीवर उपयोगाचं नाही. १.४ टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणारी, लांबी वाढवणारी काच) लावून ७०० एफ/८ मिळतं, डी५०० वर मधले मोजके पॉइंट चालतात, पण सकाळच्या उजेडात मला ते रुचलं नाही. फोटो थोडा कापून मोठा करणं जास्त बरं.

मिररलेसवर आधीच गेला असाल तर गणित बदलतं. ही लेन्स निकॉनच्या एफटीझी ॲडॅप्टरवर झेड (निकॉनच्या मिररलेस) बॉडींना नीट चालते, म्हणून जवळ असेल तर विकायची घाई नको. नवीनच घ्यायची असेल तर २०२३ ची झेड १८०-६०० बघा. तिची नळी बाहेर येत नाही, झूमचा फेर छोटा आहे आणि वजनही कमी. सोनीवाल्यांकडे २००-६०० त्याच धाटणीची आहे. किंमत मात्र दोन्हींची वरच्या पायरीची. डी५००, डी७५००, डी८५० हातात असलेल्या माणसाने ते पैसे वाचवून जुनी, स्वच्छ २००-५०० घ्यावी आणि उरलेल्यातून भिगवणला पहाटेची बोट सांगावी.