मुलांसाठी घरचं पीडी सायकलर मशीन: वर्षभर वापरल्यानंतर

आमची मुलगी नऊ वर्षांची. आधी रक्ताचं डायलिसिस चालायचं. आठवड्यातून तीनदा पुणं, चार-चार तास मशीनवर, उरलेला दिवस एसटीत. शाळेत फक्त पटावर नाव होतं. म्हणून डॉक्टरांनी पोटाचं डायलिसिस, म्हणजे पीडी सुचवलं. ते रात्री आपोआप करणारं मशीन, म्हणजे सायकलर, घरी येऊन आता वर्ष होत आलंय.

रात्री पोटातल्या कॅथेटरला, म्हणजे तिथे कायम बसवलेल्या मऊ नळीला, मशीनची नळी जोडायची. मशीन द्रावण कोमट करून पोटात सोडतं, ठरलेला वेळ ठेवतं, काढतं, पुन्हा भरतं. सकाळी नळी सोडवली की पोरगी शाळेला मोकळी. डायलिसिस रोज होत असल्यानं रक्तात पोटॅशियम वाढायची धास्ती कमी झाली आणि डॉक्टरांनी खाण्यात थोडी सूट दिली. द्रावणाबरोबर प्रथिनं मात्र वाहून जातात, त्यामुळे रोज अंडं ठरलेलं.

त्रास आहेत. कूस बदलली, नळी दुमडली की अलार्म. ड्रेन, म्हणजे द्रावण पोटातून बाहेर येणं, नीट होत नसेल तर मशीनला शिव्या घालण्याआधी पोट साफ झालंय का ते बघा. बद्धकोष्ठतेनं ड्रेन अडतो, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. द्रावणाच्या खोक्यांनी एक खोली भरते. वीज गेली तर हातानं बॅग बदलता यायला हवी, ते प्रशिक्षणातच शिकून घ्या.

आता सगळे विचारतात तो प्रश्न: ॲडमिट व्हायचं थांबलं का? कमी झालं, पण ते एकट्या मशीनमुळे नाही. पीडीवरच्या मुलांना दवाखान्यात नेणारं मोठं कारण म्हणजे पोटातलं इन्फेक्शन, पेरिटोनायटिस, आणि ते बऱ्याचदा जोडताना-सोडवताना शिरतं. अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांनी 2011 साली ‘स्कोप’ नावाचा उपक्रम सुरू केला. कॅथेटर बसवणं, तो पोटातून बाहेर येतो त्या जागेची निगा, घरच्यांचं प्रशिक्षण, सगळं एकाच यादीप्रमाणे आणि दर भेटीत तपासून. इन्फेक्शनचं प्रमाण खाली आलं. त्यात नवं यंत्र काहीच नव्हतं.

आमच्याकडेही तेच. मास्क, दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, साबणानं हात धुऊन कोरडे करायचे, मगच नळीला हात. आजी कितीही रागावली तरी त्या वेळी खोलीत कुणी नाही. सकाळी ड्रेनची बॅग ओतण्याआधी तिच्यामागे वर्तमानपत्र धरायचं. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर ठीक, गढूळ दिसलं तर लगेच फोन. एकदा तसं दिसलं. ताप नव्हता, पोटही फारसं दुखत नव्हतं, तरी बॅगेसकट गेलो. आधी नमुना घेतला, मग अँटिबायोटिक द्रावणातूनच पोटात दिलं. लवकर घरी सोडलं, उरलेले डोस घरीच झाले.

ॲडमिट व्हायचं दुसरं कारण अंगात साचणारं पाणी. रोज वजन आणि बीपी वहीत लिहायचं. द्रावणात साखर जास्त तेवढं पाणी जास्त ओढलं जातं, म्हणून कोणत्या दिवशी 1.5 टक्के साखरेची बॅग आणि कधी 2.5 ची, हे डॉक्टरांच्या तक्त्यावरूनच. जुलाब-उलट्या लागल्या तर तक्ता बाजूला ठेवून थेट फोन.

खर्च हातानं करायच्या पीडीपेक्षा जास्त आहे, कारण नळ्यांचा सेट रोज नवा लागतो. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात 2019 पासून पीडीही आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. घरातली दोन माणसं शिकायला तयार असतील तरच मशीन घ्या. आणि घेण्याआधी दवाखान्यातल्या डायलिसिस युनिटला विचारा, रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं?