युरो २०२४ साठी जर्मन शिकलो: काय कामी आलं, काय वाया गेलं

लॉटरीत युरो २०२४ ची, म्हणजे जर्मनीत झालेल्या युरोपियन फुटबॉल स्पर्धेची, तिकिटं लागली आणि जानेवारीपासून जर्मन शिकायला घेतलं. परीक्षा द्यायची नव्हती, नोकरीही शोधायची नव्हती. जूनमध्ये कोलोन आणि फ्रँकफर्टला सामने बघायचे आणि मधल्या प्रवासात प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्याचं तोंड बघायला लागू नये, एवढंच. पुण्यात बोट क्लब रोडला जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आहे, पण ऑफिस सांभाळून बॅच जमेना. म्हणून डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा मोफत ऑनलाइन कोर्स आणि जोडीला फोनवरचं एक अ‍ॅप.

अ‍ॅपचं थोडक्यात सांगतो. रोज बसायची सवय लागते, पण मांजर दूध पितं छापाची वाक्यं घोकून स्टेशनवर काही उपयोग होत नाही. पैसे भरू नका.

‘निकोस वेग’ मात्र मनापासून आवडला. स्पेनहून आलेल्या निकोची बॅग सुरुवातीलाच हरवते आणि पुढे पत्ता विचारणं, जेवण मागवणं, वेळ ठरवणं हे सगळं गोष्टीच्या ओघात येतं. व्हिडिओ छोटे, खाली लगेच सराव. ए-१ ही सगळ्यात पहिली पातळी प्रवासाला पुरून उरते. व्याकरणावर फार जीव टाकू नका. डेर, डी, डास (नामाच्या लिंगाप्रमाणे त्याच्या आधी लागणारे शब्द) चुकलं तरी बिअर मिळते.

खरा मुद्दा कानांचा आहे. आपण तोडकंमोडकं जर्मन बोललो की समोरचा, विशेषतः तरुण असेल तर, सरळ इंग्रजीवर येतो. फलाटावरच्या ऐनवेळच्या घोषणा मात्र बऱ्याचदा फक्त जर्मनमध्येच होतात. ‘ग्लाइस’ म्हणजे फलाट, ‘फेअरश्पेटुंग’ म्हणजे उशीर, ‘फेल्ट आउस’ म्हणजे गाडी रद्द. एवढे तीन कानाला ओळखीचे झाले तरी निम्मी धावपळ वाचते. त्या महिन्यात गाड्यांचे इतके हाल होते की स्पर्धेचे संचालक फिलिप लाम यांचाच ड्युसेलडॉर्फच्या स्लोव्हाकिया-युक्रेन सामन्याचा किकऑफ हुकला. सामन्याच्या तिकिटावर ३६ तास स्थानिक बस-ट्रॅम-लोकल फुकट होती, पण लांबच्या गाड्या त्यात नव्हत्या. त्यामुळे स्टेशनवर बराच वेळ जातोच.

आकडे आपल्याला जड जात नाहीत. पंचवीसमध्ये पाच आधी आणि वीस नंतर, जर्मनही तसंच मोजतात. इंग्रजीच्या वळणाने शिकणारा इथे अडखळतो. घड्याळ मात्र दगा देतं: ‘हाल्प आख्ट’ म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे! फलकांवर २४ तासांची वेळ असते म्हणून निभावतं, पण कुणी तोंडी भेटायची वेळ दिली तर पुन्हा विचारून घ्या.

दुसरी तयारी काउंटरवरच्या प्रश्नांची. प्रश्न विचारायला सगळे शिकतात, पण समोरून प्रश्न आला की तंतरते. हॉटेलात बिलाच्या वेळी ‘त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?’ म्हणजे एकत्र की वेगवेगळं. स्टेडियममध्ये पेयाच्या ग्लासाला ‘फांट’, म्हणजे अनामत, लागते. ग्लास परत केला की पैसे परत. शाकाहारी असाल तर ‘वेगेटारिश’ एवढा एकच शब्द पुरतो.

कोलोनला १९ जूनला स्कॉटलंड-स्वित्झर्लंड होता (१-१). गावभर स्कॉटिश चाहते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या इंग्रजीपेक्षा मला जर्मन जास्त कळत होतं. फ्रँकफर्टला २३ तारखेला जर्मनी-स्वित्झर्लंड. भरपाई वेळेत जर्मनीच्या निक्लास फ्युलक्रुगने हेडर मारून १-१ केलं. निवेदक फक्त ‘निक्लास’ म्हणतो आणि आडनाव अख्खं स्टेडियम ओरडतं. तिथे मीही ओरडलो, त्याला कुठलाच धडा लागला नाही. ‘आपझाइट्स’ (ऑफसाइड), ‘एल्फमेटर’ (पेनल्टी) हे शब्द मात्र आधीच जर्मन समालोचन ऐकून पाठ केले होते. शेजारच्या आजोबांशी पंचांना शिव्या घालताना फार कामी आले.

बुंडेसलिगा (जर्मनीची फुटबॉल लीग) बघायला जाणार असाल तर तीन-चार महिने आधी ‘निकोस वेग’ सुरू करा आणि शेवटचा महिना नुसतं ऐका: घोषणा, समालोचन, जे मिळेल ते. आणि सामना रविवारी असेल तर पाणी-खाणं शनिवारीच घेऊन ठेवा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, उघडी सापडली तर मुख्यतः मोठ्या स्टेशनातली.