अकरावीच्या भौतिकशास्त्राची गणिते: सरांना विचारावे की मोबाईलवर पाहावे?

यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या खेड्यातून एसटीने तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याचे गणित अडले, की तो दुसऱ्या दिवशी सरांना विचारू शकतो किंवा रात्रीच मोबाईलवर सोडवलेले उत्तर पाहू शकतो. मोबाईलची सोय खरी आहे. व्हिडिओ थांबवून पुन्हा पाहता येतो आणि परतीच्या एसटीची घाई नसते.

मात्र २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकलेल्या चेंडूचे उदाहरण घ्यावे. सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य होतो, म्हणून त्वरणही शून्य होते, असे पुष्कळ मुले धरून चालतात. प्रत्यक्षात तेथेही ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग हे त्वरण खालच्या दिशेने कायम असते. व्हिडिओ पाहून २०.४ मीटर ही उंची वहीत उतरते, पण गैरसमज तसाच राहतो, कारण त्याविषयी मुलाला कोणी विचारलेलेच नसते. सर मात्र ‘त्या क्षणी चेंडूवर कोणते बल आहे?’ एवढेच विचारतात आणि चूक मुलाच्याच तोंडून बाहेर येते.

म्हणून मी सरांकडे जाण्याच्या बाजूचा आहे. अडलेली पायरी आकृतीसह वहीत लिहून न्यावी, एवढीच अट. कापूस वेचणीच्या दिवसांत ज्यांचे वर्ग बुडतात, त्यांनी व्हिडिओ अवश्य पाहावा, परंतु प्रत्येक पायरीआधी तो थांबवून ती स्वतः मांडावी.