लाल माइटवर डायटोमेशियस अर्थ: काही महिने वापरल्यावर

परसातल्या कोंबड्यांसाठी डायटोमेशियस अर्थ ही पांढरी पावडर मी बरेच महिने नियमित वापरते आहे. माइटचा, म्हणजे कोंबड्यांना छळणाऱ्या बारीक किड्यांचा, उपद्रव आटोक्यात आल्यावर तो पुन्हा वाढू न देण्यासाठी ती फार चांगली. पण खुराडं माइटनी भरलेलं असताना नुसती पावडर भुरभुरवून काही साधत नाही. आणि तिची खरी जागा कोंबडीच्या पिसांत नाही, लाकडाच्या सांध्यांत आहे.

विकत घेण्याआधी आपल्याकडे नेमका कोणता माइट आहे ते बघा. लाल माइट (डर्मॅनिसस गॅलिनी) दिवसा खुराड्याच्या फटींत लपतो, रात्री बाहेर येऊन रक्त पितो आणि परत फटीत जातो. त्यामुळे दिवसा कोंबडी हातात घेऊन कितीही पिसं उलगडली तरी बहुतेकदा काही सापडत नाही. नॉर्दर्न फाउल माइट मात्र अंगावरच राहतो. शेपटीखालची पिसं काळपट, चिकट दिसली तर संशय त्याचा घ्या. पायाचे खवले उचलले जाऊन खरखरीत झाले असतील तर तो तिसराच प्रकार. तो खवल्यांच्या आत पोखरतो, तिथे ही पावडर पोचतच नाही. त्यासाठी पाय कोमट पाण्यात भिजवून, पुसून, पेट्रोलियम जेली चोळायची आणि ते काही आठवडे चिकाटीने करत राहायचं. खवले ओढून काढू नका, रक्त येतं. या अनुभवात पुढे जे लिहिते आहे ते फक्त लाल माइटबद्दल.

आमच्या कोंबड्या तिन्हीसांजेला खुराड्यात शिरायला कां-कूं करायला लागल्या तेव्हाच मला शंका आली. तुरे फिके पडले होते आणि अंड्यांच्या कवचावर बारीक लाल ठिपके दिसत होते. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा टिश्यू फिरवला तर त्यावर रक्ताच्या रेघा उमटल्या. सकाळी दांडी खोबणीतून उपसली. टोकाशी राखेसारखा करडा थर होता, आणि बोट लावताच तो थर चालायला लागला. रक्त प्यायलेले लाल, उपाशी असलेले करडे. पाहून अंगावर काटा आला.

पावडरीचं काम सगळं यांत्रिक आहे. डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची ही जीवाश्म सिलिका. माइटच्या अंगावरचा मेणाचा थर ती शोषते आणि खरवडते, मग तो आतून सुकून मरतो. विषाची सवय लागते तशी याची लागत नाही, ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी जमेची बाजू. पर्मेथ्रिनसारख्या कीटकनाशक फवारण्यांना अनेक ठिकाणचे माइट दाद देईनासे झाले आहेत.

पण दोन मर्यादा आहेत. पावडरीने अंडी मरत नाहीत. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या माइटपर्यंतचा प्रवास जेमतेम आठवड्यात होतो, म्हणून आठवड्याने पुन्हा पावडर भरणं अपरिहार्य. दुसरी मर्यादा ओलाव्याची. पावसाळी हवेत सांध्यांतली पावडर दमट होऊन तिचा लगदा होतो आणि ती निकामी ठरते. अशा दिवसांत मला ती खरवडून पुन्हा पुन्हा भरावी लागली. उभ्या फळ्यांवर तर ती टिकतच नाही. तिथे पाण्यात मिसळून फवारायची सिलिका बरी, वाळल्यावर पातळ थर चिकटून राहतो.

पावडर भरण्याआधी खुराडं रिकामं करून जुना भुसा पिशवीत घट्ट बांधून लांब टाकायचा. दांड्या आणि अंड्यांच्या पेट्या सुट्ट्या करून प्रत्येक सांध्यात कडकडीत गरम पाणी ओतायचं, कारण उष्णता माइटला सोसत नाही. मग सगळं खडखडीत वाळू द्यायचं. हा टप्पा घाईत उरकला तर पुढचं सगळं वाया. त्यानंतर मऊ प्लॅस्टिकच्या, निमुळत्या तोंडाच्या बाटलीतून पावडर थेट फटीत फुंकायची. मूठभर उधळण्यापेक्षा चिमूटभर योग्य जागी गेलेली जास्त काम करते.

भरताना तोंडाला मास्क हवाच आणि कोंबड्या बाहेर. पक्ष्यांची श्वसनसंस्था नाजूक असते, म्हणून त्यांच्या धूळस्नानाच्या खड्ड्यात मी ही पावडर टाकत नाही. खाद्यात मिसळण्याचा सल्लाही बरेच जण देतात. बाहेरून रक्त पिणाऱ्या किड्यावर त्याचा काय परिणाम होणार? स्विमिंग पुलाच्या फिल्टरसाठी मिळणारी भाजलेली पावडर तर चुकूनही आणू नका. तिच्यात स्फटिकी सिलिका असते, ती फुप्फुसांना घातक.

एक कोंबडी खुडूक होऊन रात्रंदिवस पेटीत बसली होती, तिचा तुरा पांढराफटक पडला. तिथे पावडरीची वाट बघण्यात अर्थ नव्हता. पशुवैद्यांनी सगळ्या कळपाला पिण्याच्या पाण्यातून फ्लुरालेनर दिलं, वजनाच्या हिशेबाने, सात दिवसांच्या अंतराने दोन मात्रा. रक्तासोबत औषध माइटच्या पोटात जातं. युरोपियन युनियनमध्ये या औषधाला 2017 मध्ये मंजुरी मिळाली आणि तिथे औषध दिल्यावर अंडी न वापरता थांबण्याचा काळ शून्य दिवस आहे. तुमच्याकडे नियम काय, ते पशुवैद्यांनाच विचारा. कुत्र्या-मांजरांची पिसवांची औषधं मात्र कोंबड्यांना लावू नका. त्यातल्या काहींत असणारं फिप्रोनिल हे कीटकनाशक अंड्यांत उतरतं. 2017 मध्येच युरोपात याच कारणाने लाखो अंडी बाजारातून मागे घेतली गेली. ती कोंबडी सावरली, तुऱ्यावर लाली हळूहळू परतली.

आता खुराडं रिकामं दिसलं तरी मी निर्धास्त होत नाही, कारण थंड हवेत लाल माइट रक्ताविना कित्येक महिने तग धरतात. दांडीखाली नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून ठेवते आणि अधूनमधून उघडून बघते. किडे दिसले की तो घट्ट बंद पिशवीत टाकून नवा लावते.

घेणार असाल तर मोठी गोणी घेऊ नका. उघडल्यावर ती ओल धरते. झाकण घट्ट बसणारा लहान डबा पुष्कळ दिवस पुरतो.