चिऱ्याच्या घरात वायफाय: मोठा राउटर, एक्स्टेंडर, मेश की सरळ वायर?

गणपतीला मुंबईकर मंडळी घरी उतरली की चहा व्हायच्या आत पहिला प्रश्न येतो, “रेंज कुठे बसल्यावर येते?” आमच्या गुहागरकडच्या घरात याचं उत्तर बरीच वर्षं एकच होतं: पडवीत, खिडकीशी. फायबरची वायर खळ्यातल्या खांबावरून पडवीत आली आणि बसवायला आलेल्या मुलांनी डबा तिथेच ठोकला. पुढे भाचीने घरून काम करायला चार महिने इथे मुक्काम ठोकला, तेव्हा मी एकेक करत सगळे उपाय करून पाहिले. तुम्ही नवीन राउटर घ्यायच्या विचारात असाल तर पैसे मोजण्याआधी हे वाचा.

आधी भिंती मोजा. खोक्यावर लिहिलेले चौरस फूट मोकळ्या जागेचे असतात, आपल्या घरांना ते लागू पडत नाहीत. जुन्या घरातली चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत दीड फूट जाड, वर गिलावा, आणि चिरा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. ओली भिंत लहरी जास्त शोषते. फोनवर सिग्नल मोजणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या आणि घरभर फिरा. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. आमच्याकडे पडवीत −48, माजघरात −66 आणि स्वयंपाकघरात −81 दिसत होता. दर 10 आकड्यांना ताकद दहावा हिस्सा होते, म्हणजे दोन भिंती ओलांडेपर्यंत पडवीतल्या सिग्नलचा हजारावा भागही उरत नव्हता. व्हिडिओ कॉल नीट चालायला साधारण −67 पर्यंत हवा. ही मोजणी शक्यतो आषाढ-श्रावणात करा. मे महिन्यातला आकडा फसवतो.

पहिला उपाय जवळजवळ फुकटचा: राउटर हलवा. फायबरचा डबा पडवीतच राहू दे, त्यातून लॅन केबल काढून राउटर घराच्या मध्यावर न्या. आपल्या बऱ्याच जुन्या घरांत पुढच्या दारात उभं राहिलं की माजघरातून थेट मागीलदार दिसतं. राउटर त्या दारांच्या ओळीत, साधारण सहा फुटांवर लावा. लाकडी दार चिऱ्याच्या मानाने काहीच अडवत नाही. फ्रिज, गोदरेजचं कपाट, आरसा आणि स्टीलच्या भांड्यांची मांडणी यांच्यापासून तो लांब ठेवा. अँटेना उभ्या ठेवल्या तर सिग्नल आडवा पसरतो. पोटमाळ्यावर कोणी झोपत असेल तर एक अँटेना आडवी करा. एवढ्याने आमचं माजघर आणि बाळंतिणीची खोली सुटली. स्वयंपाकघर मात्र −74 वर अडलं.

मग मोह होतो तो सहा अँटेनांच्या मोठ्या राउटरचा. मी यावर पैसे घालू नका असं स्पष्ट सांगेन. वायफाय दोन्हीकडून बोलतं. राउटर कितीही जोराने ओरडला तरी फोनचा आवाज लहानच राहतो, आणि तो भिंतीपलीकडून परत पोचावा लागतो. शिवाय राउटरने किती ताकदीने ओरडावं यालाही कायद्याची मर्यादा आहे. वायफाय 6 घ्या, जरूर घ्या. घरात पंधरा-वीस फोन एकदम आले की फरक कळतो. पण तो भिंत फोडत नाही. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतीत लवकर मरतो, 2.4 चा लांब जातो पण हळू चालतो. म्हणून दोन्ही पट्टे असलेला साधा राउटर पुरतो. एक गोष्ट मात्र दुकानात खोका उलटा करून वाचा: लॅनचे पोर्ट गिगाबिटचे आहेत ना? काही स्वस्त राउटरमध्ये वायफाय जोरदार आणि पोर्ट 100 मेगाबिटचे असतात. फायबरचा प्लॅन 200 चा असला तरी मिळतात जेमतेम 95.

एक्स्टेंडर दीड-दोन हजारांत येतो आणि म्हणूनच जास्त खपतो. तो आधी राउटरचं ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो. एकाच पट्ट्यावर दोन्ही कामं केली की वेग साधारण अर्धा होतो. त्यात लोक तो जिथे रेंज नाही तिथेच लावतात. जे ऐकूच येत नाही ते तो पुढे काय सांगणार? लावायचाच तर मधल्या वाटेवर, −65 च्या आसपास लावा. सुट्टीत आलेल्या पाहुण्यांचं व्हॉट्सअ‍ॅप चालण्यापुरतं ठीक; रोजच्या कामाला नको.

मेश म्हणजे दोन-तीन डबे एकमेकांशी बोलत एकच नाव पसरवतात. फोन चालता चालता एका डब्यावरून दुसऱ्यावर जातो, हे खरंच सुखाचं आहे. रत्नागिरी-चिपळूणच्या दुमजली सिमेंटच्या बंगल्यात मी हेच घेईन आणि एक डबा जिन्यात ठेवीन. पण दोन डब्यांमध्ये चिऱ्याच्या दोन भिंती आल्या की त्यांचं आपसातलं बोलणंच खुंटतं, आणि आठ-दहा हजार घालूनही एक्स्टेंडरचंच दुखणं पदरात पडतं.

शेवटी आमच्याकडे टिकली ती वायर. वाशाच्या कडेने, केसिंगमधून, कॅट-6 जातीची लॅन केबल स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेली. भिंतीला भोक पाडताना ड्रिलमधून लाल ओलसर भुगा पडत होता आणि तो मे महिना होता! केबलच्या टोकाला जुनाच राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलमधून आलेलं नेट नुसतं पसरवणारा डबा, करून लावला: त्याचा डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम) बंद, नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखाच, 2.4 चं चॅनल मात्र वेगळं, एकाला 1 आणि दुसऱ्याला 11. स्वयंपाकघरात आकडा −45 वर आला. भाचीने चुलीशेजारी बसून मीटिंग केली. खर्च केबल, केसिंग आणि वायरमनची मजुरी एवढाच. 100 मीटरपर्यंत अशी केबल पूर्ण वेग देते. केसिंगला कंजुषी करू नका, उंदीर उघडी वायर ठेवत नाहीत.

होमस्टेवाल्यांसाठी वेगळं सांगतो. पोफळीच्या बागेपलीकडच्या खोल्यांपर्यंत उघड्यावरून तांब्याची लॅन केबल ओढू नका. आपल्याकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कोसळते, आणि ती केबल दोन्हीकडचे डबे एकदम जाळू शकते. तिथे दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (लॅनचा सिग्नल फायबरवर चढवणारा आणि उतरवणारा छोटा डबा) लावून फायबर टाका, तीही धातूची तार नसलेली.

लाइट जाण्याचा विचारही खरेदीतच करा. घराला इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, पण आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघा, आणि फायबरच्या डब्यालाही तसाच लावा. तो बंद पडला तर राउटर चालू असून नेट नाही. गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही: प्लग सॉकेटमधून बाहेर, आणि लॅनची पिनही बाहेर.