प्लेझंटन की हाफ मून बे: हवा बघून घर निवडायचं असेल तर

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात घर शोधणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींची गाडी प्लेझंटन-डब्लिनकडे वळते. शाळा, ऐसपैस घरं, आजूबाजूला आपली माणसं, हे सगळं तुम्हाला ठाऊकच असेल, त्यात शिरत नाही. आम्ही आतल्या खोऱ्यातल्या प्लेझंटनलाही राहिलो आणि शेवटी समुद्रकिनाऱ्यावरच्या हाफ मून बेला स्थिरावलो. इथे फक्त हवेबद्दल लिहितो, कारण घर घेताना तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

हिवाळ्यात निवडण्यासारखं फारसं काही नाही. जानेवारीची दुपार दोन्ही गावांत साधारण 14-15 अंशांची. रात्री खोऱ्यात पारा 3-4 पर्यंत उतरतो, सकाळी गाडीची काच खरवडावी लागते. किनाऱ्यावर तो बहुधा 6-7 वर थांबतो.

फारकत होते ती एप्रिलनंतर. जुलैत प्लेझंटनची दुपार सरासरी 31-32 अंशांची, हाफ मून बेची जेमतेम 18 ची. म्हणजे किनाऱ्यावर जानेवारी आणि जुलैच्या दुपारींत चारेक अंशांचंच अंतर! वसंतात वायव्येचा वारा सुरू होतो, तो वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि खालचं गार पाणी वर येतं. त्यावरची हवा गारठते, धुकं धरतं, वर गरम हवेचं झाकण बसतं. आतली खोरी तापली की हीच गार हवा आत खेचली जाते. त्यामुळे तिकडे ऊन कडकडीत, तेव्हा आमच्याकडे बहुतेक वेळा स्वेटर. आमचा खरा उन्हाळा सप्टेंबर-ऑक्टोबरात, वारा पडल्यावर.

जुलैतल्या एका दुपारी डब्लिनहून निघताना गाडीतला आकडा 34 होता. सॅन मटेओ पुलावर 24. हायवे 92 चा घाट चढून माथ्यावर आलो तर 15, आणि समोर डोंगरावरून खाली ओघळणारं धुकं. तासाभराच्या रस्त्यात एवढा फरक.

आता माझ्यापुरता निकाल कशाने लागला ते सांगतो. बंद खिडक्यांनी. प्लेझंटनला जून ते सप्टेंबर सकाळी दहाच्या आत खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे आणि संध्याकाळचा वारा सुटेपर्यंत एसीच्या घरघरीत बसायचं. बाहेर लख्ख दिवस आणि घरात दिवे. त्यात आमचं घर मासे खाणारं. दुपारी सुरमईचे दोन तुकडे तळले तरी वास पडद्यांत, उशांत, मुलांच्या दप्तरांत दुसऱ्या दिवसापर्यंत. मिरचीची फोडणी दिली की आतल्या खोलीपर्यंत ठसका. गॅसवरचा पंखा आवाजच जास्त करायचा. कुणाला हे क्षुल्लक वाटेल, पण रोजच्या जगण्यात मला तेच सगळ्यात जास्त खुपलं. इथे स्वयंपाकघराची खिडकी बारा महिने उघडी असते.

खोऱ्याची बाजूही सांगायला हवी. तिथली रात्र भर जुलैतही 14 अंशांपर्यंत निवते, ते सुख मोठं आहे. पापड, कुरडया, सांडगे एका दिवसात खडखडीत वाळतात. किनाऱ्यावर वाळवण विसरा. इडलीचं पीठ ओव्हनचा दिवा लावून आत ठेवलं तरच फुगतं, टॉवेल दोन दिवस दमट राहतात आणि कपाटात चामड्याच्या चपलांवर हिरवट बुरशी चढते. ओलावा शोषणारं यंत्र घ्यावंच लागतं. सलग आठवडाभर सूर्य दिसला नाही की काहींचं मन खरोखर खचतं. तुमचा स्वभाव तसा असेल तर माझं ऐकू नका.

पण तिकडच्या उष्णतेच्या लाटेचाही विचार करा. 5 सप्टेंबर 2022 ला प्लेझंटनशेजारच्या लिव्हरमोरला 116 फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ 47 अंश होते. असे दिवस मोजकेच, हे खरं. पण 37-38 चे दिवस दर उन्हाळ्यात येतातच.

आई-बाबा यायचे असतील तर तेही धरा, कारण ते बहुधा मे ते सप्टेंबरातच येतात. आमचे बाबा इथे दुपारी तीनला कानटोपी घालून समुद्राकाठच्या पायवाटेवर तासभर फिरून येतात. प्लेझंटनला सकाळी आठनंतर त्यांना बाहेर पाठवायला जीव धजावत नसे. आईचे गुडघे मात्र गारठ्यात कुरकुरतात, तिला खोरंच बरं वाटायचं. संधिवाताचं माणूस घरात असेल तर मी आग्रह करणार नाही.

एक नक्की करा. हाफ मून बेचं घर ऑक्टोबरात बघून ठरवू नका. तेव्हा भोपळ्यांची जत्रा असते, ऊन सोनेरी असतं आणि कुणालाही गाव आवडतं. जुलैत, दुपारी चारला, धुक्यात जा. तासभर चाला. त्याच आठवड्यात, त्याच वेळी प्लेझंटनच्या घरातही एसी बंद करून थोडा वेळ बसा. धुक्यातून परतताना चिडचिड झाली नसेल, तर खुशाल समुद्राकडे या.