कोलॅजनचा डबा की आठवड्याची गोळी?

आईच्या डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोअर (घनतेचा आकडा) उणे २.८ आला. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. डॉक्टरांनी अ‍ॅलेंड्रोनेट ही त्यावरची आठवड्याची गोळी लिहून दिली आणि त्याच संध्याकाळी मावशी कोलॅजन पावडरचा डबा घेऊन हजर.

डबा अगदीच उडवून लावता येत नाही. हाडातलं प्रथिन बहुतांशी कोलॅजनच असतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या प्रयोगात, पाळी गेलेल्या आणि रोज ५ ग्रॅम कोलॅजन पेप्टाइड घेणाऱ्या बायकांच्या मणक्याची घनता वाढलेली दिसली. पण प्रयोग शेवटपर्यंत पूर्ण केला जेमतेम १०२ जणींनी. मोजली ती घनता. हाडं मोडायची थांबली का, हा प्रश्न तसाच राहिला. शिवाय बहुतेक पावडरी गाईच्या कातड्यापासून, नाहीतर माशापासून केलेल्या. एकादशी न चुकवणाऱ्या आईला हे कळल्यावर डब्याचं झाकण उघडलंच नाही.

गोळीचा जाच वेगळा. ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. चहासुद्धा नाही! रविवारी सकाळी आई गॅलरीत ताठ बसून घड्याळाकडे बघत असते. पण मणका आधीच मोडलेल्या बायकांवरच्या १९९६ च्या मोठ्या चाचणीत, या औषधाने मणक्याची आणि खुब्याची नवी फ्रॅक्चर्स जवळपास निम्म्याने घटली होती. माझ्या लेखी निकाल तिथेच लागला. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सोबत चालूच आहे.

डबा मावशीने परत नेला. गुडघ्यांसाठी ती स्वतःच घेते म्हणे.